चाकू लागला की गाठ पसरते?

"चाकू लागना की गाठ पसरस," असं धुळे-जळगावकडे ओट्यावर बसून आजही सांगतात. तेवढ्यावर माणूस ऑपरेशन न करता महिनोन्‌महिने थांबतो. जेवण घटतं, लेंग्याची नाडी मात्र पुरत नाही, आणि घरचे म्हणतात, पोट सुटलं.

पोटाच्या मागच्या बाजूला चरबीच्या पेशींतून होणारी लायपोसार्कोमा या कॅन्सरची दुर्मिळ गाठ ऑपरेशननंतरही परत येऊ शकते, हे खरं. पण ती चाकूने किंवा हवा लागून नाही, तर गाठीच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी कडेला उरल्यामुळे. म्हणून पहिलंच ऑपरेशन सगळ्यात मोलाचं: गाठ न फोडता अखंड काढायची, गरज पडली तर चिकटलेल्या मूत्रपिंडासकट, आतड्याच्या तुकड्यासकट. त्याआधी सीटी स्कॅन हवाच. गाठ परतली तरी अनेकांचं पुन्हा ऑपरेशन होतं. त्यासाठीच वर्षानुवर्षं तपासणी चुकवू नका.