लाटेकमधला फ्लोचार्ट (किचकट आकृत्या)

लाटेक ह्या टाइपसेटिंग भाषेत फ्लोचार्ट माउसने न ओढता लिहून काढायची पद्धत. कुठली चौकट कुणाच्या खाली, कुठला बाण कुठून निघून कुठे जातो एवढं लिहून द्यायचं आणि बाकीचं मोजमाप टेकवर (लाटेकच्या मुळाशी असलेला प्रोग्रॅम) सोडायचं. आजकाल हे काम बहुतेक करून टिक्झ ह्या आकृत्या काढायच्या पॅकेजमध्ये होतं. डायमंड कशासाठी नि चौकोन कशासाठी हे इथे पुन्हा सांगत नाही, ते अकरावी-बारावीतच होऊन जातं. किचकट कशाला म्हणायचं तर ज्यात बाण मागे फिरतात, निर्णय एकापेक्षा जास्त असतात आणि सगळं एका पानात मावेल की नाही ह्याची खात्री नसते अशा चार्टला.

फ्लोचार्ट मुळात कुणाचा ह्यावर दोन मतं आहेत. एक मत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ ह्या जोडप्याला मान देतं. त्यांनी १९२१ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सपुढे प्रोसेस चार्टची पद्धत मांडली, म्हणजे कारखान्यातलं काम टप्प्याटप्प्याने खुणांनी दाखवायचं, वायफळ हालचाल कुठे होते ते शोधायला. दुसरं मत हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन ह्यांच्या बाजूने आहे. त्यांच्या १९४७ पासून निघालेल्या अहवालांत कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमसाठी फ्लो डायग्रॅम पद्धतशीर वापरलाय, त्यात क्रियेची चौकट वेगळी, पर्यायाची वेगळी, आणि 'इथे आल्यावर अमुक गोष्ट खरी असते' एवढंच सांगणारी चौकटसुद्धा आहे जी पुढे शाळा-कॉलेजच्या चार्टमधून गळूनच गेली. कल्पना त्यांना बहुधा १९४६ मध्ये सुचली असावी. आता गिलब्रेथच्या चार्टमध्ये काम सहसा वरून खाली सरळ उतरतं, अट तपासून परत मागे जायचं हा प्रकार त्याचा गाभा नाही, आणि प्रोग्रॅमच्या फ्लोचार्टमधून लूप काढला तर उरतं काय, त्यामुळे चित्राने काम दाखवायची सवय गिलब्रेथची आणि आपण ज्याला फ्लोचार्ट म्हणतो तो गोल्डस्टाइन-फॉन नॉयमनचा असं धरणं जास्त सयुक्तिक वाटतं. खुणांचं आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण बरंच उशिरा झालं, सध्याचं आयएसओ ५८०७ हे १९८५चं.

चार्ट मशीनकडूनच काढून घ्यायचा प्रयत्नही जुना आहे. फोरट्रान ह्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या टीममधल्या लॉइस हेट ह्यांनी १९५९ मध्ये अनेक पातळ्यांचे फ्लोचार्ट काढणारा प्रोग्रॅम मांडला. १९६३ मध्ये डोनाल्ड कनुथ ह्यांनीही कॉम्प्युटरने काढलेल्या फ्लोचार्टवर लेख लिहिला, म्हणजे टेकवर काम सुरू करायच्या (१९७७-७८) चौदा-पंधरा वर्षं आधी. गंमत म्हणजे त्याच माणसाच्या टेकमध्ये चित्र काढायची सोय जवळपास नव्हतीच. लेस्ली लॅम्पोर्ट ह्यांच्या लाटेकमध्ये (१९८०च्या दशकाचा मध्य) पिक्चर एन्व्हायर्नमेंट (चित्र काढायची सोय) आलं, पण तिरक्या रेषा फॉन्टमधल्या तुकड्यांनी जोडायच्या असल्यामुळे रेषेचा उतार उणे ६ ते ६ आणि बाणाचा उणे ४ ते ४ एवढ्याच पूर्णांकांत द्यावा लागायचा. डायमंडच्या कडा जमायच्या, पण त्यात मजकूर वाढला की सगळे आकडे पुन्हा हाताने. पुढे एक्सवाय-पिक, मेटापोस्ट, पीएसट्रिक्स असे पर्याय आले. त्यातलं पीएसट्रिक्स ताकदवान, पण पोस्टस्क्रिप्ट ह्या छपाईच्या भाषेवर अवलंबून, त्यामुळे थेट पीडीएफ काढणाऱ्यांची अडचण. टिल टान्टाउ ह्यांनी आपल्या पीएचडीच्या प्रबंधातल्या आकृत्यांसाठी केलेल्या थोड्याशा मॅक्रोंमधून (तयार आज्ञांमधून) पीजीएफ आणि त्यावरचं टिक्झ वाढलं, जाहीर आवृत्त्या साधारण २००५च्या आसपासच्या, तिसरी मोठी आवृत्ती २०१३ची. मॅन्युअल आता हजार पानांच्या पुढे गेलंय.

नमुना म्हणून कृष्णेच्या पुराचा चार्ट घेऊ, सरकारी कार्यपद्धत म्हणून नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पातळी वाचा. ४० फूट झाली का (इशारा पातळी)? नाही तर तासाभराने परत वाचा. हो तर सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड अशा सखल भागात सूचना द्या. ४५ फूट झाली का (धोका पातळी)? नाही तर परत वरच, हो तर स्थलांतर. शिवाय बाजूने कोयनेतल्या विसर्गाची माहिती आत येते. चौकटी मोजून सात-आठ, पण मागे फिरणारे बाण दोन आणि दोन्ही एकाच चौकटीकडे जाणारे, खरी कटकट इथेच.

चौकटी आधी नोड म्हणून नावं देऊन मांडायच्या, आकार-रंगाच्या स्टाइल सुरुवातीलाच एकदा ठरवायच्या. जागा टिक्झच्या पोझिशनिंग लायब्ररीने द्यायची. इथे एक जुना सापळा आहे: 'बिलो' नंतर बरोबरचं चिन्ह आणि मग 'ऑफ' लिहिलं तर अंतर कडेपासून कडेपर्यंत मोजलं जातं, 'बिलो ऑफ' लिहून मग बरोबरचं चिन्ह दिलं तर मध्यापासून मध्यापर्यंत. दुसरी पद्धत कालबाह्य ठरवलीय, पण नेटवरच्या बऱ्याच उदाहरणांत तीच सापडते आणि मग उंच डायमंड खालच्या चौकटीवर चढून बसतो. डायमंड तसाही मजकुराच्या बाहेरून बसवला जातो म्हणून फुगतो, त्याचा अॅस्पेक्ट (रुंदी-उंचीचं प्रमाण) २ च्या आसपास ठेवला की आटोक्यात येतो.

काटकोनी बाणांसाठी दोन खुणा आहेत, -| म्हणजे आधी आडवं मग उभं, |- म्हणजे आधी उभं मग आडवं. मागे फिरणारा बाण डायमंडच्या डाव्या टोकातून काढायचा, दोन सेंटिमीटर डावीकडे न्यायचा आणि मग |- ने वर नेऊन सोडायचा. दुसरा लूप त्याच अंतरावर नेला तर दोन्ही रेषा एकमेकींवर पडतात आणि वाचणाऱ्याला एकच बाण दिसतो, म्हणून त्याला तीन सेंटिमीटर, किंवा सरळ उजव्या बाजूने. दोन्ही बाण चौकटीत घुसवण्यापेक्षा चौकटीच्या वर येणाऱ्या रेषेवर एक शून्य आकाराचा बिंदू ठेवून तिथे मिळवले तर चार्ट खूप स्वच्छ दिसतो, हे फारसं कुणी करत नाही. 'हो', 'नाही' ही लेबलं बाणाच्या सुरुवातीजवळ ठेवावीत, कारण ह्या काटकोनी मार्गावर निम्मं अंतर म्हणजे बरोब्बर कोपरा आणि लेबल तिथे जाऊन अडकतं. कोयनेचा भाग वेगळा दाखवायचा तर फिट लायब्ररीने त्याभोवती तुटक रेषेची चौकट, आणि ती मागच्या थरावर.

मराठीत काढताना पीडीएफलाटेक (नेहमीचा कंपायलर) सोडून झीटेककडे येणं सोयीचं (ओव्हरलीफ ह्या ऑनलाइन लाटेकमध्ये सेटिंगमधून कंपायलर बदलला की झालं). १९९१च्या सुमाराचं फ्रान्स वेल्थुइस ह्यांचं देवनागरी पॅकेज आधी वेगळ्या प्रोग्रॅममधून मजकूर गाळून घ्यायचं, जोनाथन क्यू ह्यांच्या झीटेकने (२००४) ती भानगड संपवली. फॉन्ट देताना स्क्रिप्ट देवनागरी आणि लँग्वेज मराठी दोन्ही सांगावं, नाहीतर फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असले तरी हिंदी वळणाचे येतात. दुसरी गोष्ट उंचीची: 'सुरू' मध्ये खाली उकार, 'विसर्ग' मध्ये वर रफार, त्यामुळे शेजारशेजारच्या चौकटी कमीजास्त उंच होतात. टेक्स्ट हाइट आणि टेक्स्ट डेप्थ ठरवून दिले की ओळ सरळ येते, पण ते एका ओळीच्या मजकुरापुरतंच, दोन ओळी असतील तर मिनिमम हाइट बरी.

चौकटींची मांडणीसुद्धा आपोआप व्हावी अशी सोय तिसऱ्या आवृत्तीत आहे, थरांची मांडणी सुगियामा आणि सहकाऱ्यांच्या १९८१च्या पद्धतीवर आधारलेली. पण ती लुआटेक ह्या तिसऱ्या कंपायलरवरच चालते आणि लुआटेकमध्ये देवनागरी जोडाक्षरं बरीच वर्षं भरवशाची नव्हती. टेक लाइव्ह ह्या टेकच्या संचात २०२० पासून हार्फबझ (अक्षरं जोडणारी लायब्ररी) आत आल्यावर दोन्ही एकत्र जमतं. तरी मोठे लूप असले की आपोआप आलेली मांडणी हातानेच सावरावी लागते.

एक टिक्झ चित्र दोन पानांवर आपोआप तुटत नाही. लोक ते दाबून लहान करतात आणि मग अक्षरं मुंगीएवढी होतात. त्यापेक्षा आयएसओ प्रमाणातला जोडणीचा छोटा गोल वापरून चार्ट दोन चित्रांत तोडावा, गोलात तोच आकडा दोन्हीकडे.

सांगली, इस्लामपूर, कराड, सातारा ह्या पट्ट्यात इंजिनिअरिंग कॉलेजं भरपूर, पण प्रोजेक्ट रिपोर्टमधले फ्लोचार्ट बहुतेक वर्डमध्ये नाहीतर ड्रॉ डॉट आयओ साइटवर काढून चित्र म्हणून चिकटवलेले असतात, टिक्झ दिसतं ते मुख्यतः पेपर किंवा पीएचडी लिहिणाऱ्यांकडे. बाइंडिंगआधी रिपोर्टची झेरॉक्स ब्लॅक अँड व्हाइट निघते, तेव्हा गडद निळ्या-लाल चौकटींतली अक्षरं त्यात बुडतात. चौकट पांढरी ठेवून निर्णयाला जाड कड, आत-बाहेरच्या माहितीला तुटक कड दिली तर फोटोकॉपीतही फरक कळतो.