डोळ्याला पट्टी बांधून चालायचा खेळ : बुकिंगआधी एवढं वाचा

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल एमआयडीसीतल्या कंपन्या, शाळांचे स्टाफ आमच्याकडं टीमचे खेळ खेळायला येतात, बहुतेकांना हा खेळ माहितीच असतो. दोघांची जोडी, एकाच्या डोळ्याला पट्टी, दुसऱ्यानं त्याला खुर्च्या-दोऱ्यांमधनं पलीकडं न्यायचं. मग फोनवर प्रश्न ठरलेला, एवढ्याला दोन तास कशाला?

खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त वेळ खातात ती कडेला उभी राहून ओरडणारी माणसं. जोडीदार व्यवस्थित सांगतोय, "दोन पावलं सरळ, थांब, दोरी गुडघ्याएवढी आहे, डावा पाय उचल" आणि तेवढ्यात मोबाईलवर व्हिडिओ काढणारे साहेब ओरडतात, "अरे उजवीकडं, उजवीकडं!" पट्टीवाला एक पाय उचललेला तसाच, हात पुढं चाचपडत उभा. आता ऐकायचं कुणाचं? मग ती जोडी परत पहिल्यापासनं सुरू करावी लागते. क्रेनवाल्याला इशारा एकानंच द्यायचा आणि "थांब" मात्र कुणीही म्हणायचं, हे फाउंड्रीवाल्यांना आम्ही काय सांगणार, इथंही नियम तोच.

म्हणून आमची अट आहे, मॅनेजर असोत नाहीतर हेडमास्तर, जोडीत यायचं आणि पट्टीही बांधायची. काहींना हे पटत नाही, पण यात आम्ही सूट देत नाही, कारण साहेब स्वतः हेल्परच्या भरवशावर चालले की बाकीचे आपोआप मोकळे होतात.

पहिली फेरी हात धरून असते. मागनं ढकलायचं नाही, पट्टीवाल्यानं जोडीदाराचा दंड कोपराच्या जरा वर धरून अर्धं पाऊल मागं चालायचं, अंध व्यक्तींना सोबत करतात तसंच. नंतरची फेरी नुसत्या आवाजावर, मग अदलाबदल.

शेवटी गोल बसून बोलायचं असतं, तेवढं कापायला सांगू नका. "मी नीट सांगत होतो की" "अरे तू इथनं म्हणालास, पण इथनं म्हंजे कुठनं?" हे तिथंच निघतं आणि उद्या कामावर उपयोगी पडतं ते हेच.

पट्ट्या सुती, दरवेळी धुतलेल्या असतात. कुणाला चक्कर येत असेल, भीती वाटत असेल तर आधी सांगा, नुसते डोळे मिटूनही चालतं. पन्हाळ्यावर वाऱ्यानं आवाज नीट पोचत नाही म्हणून तिथं एकावेळी जोड्या कमी घेतो. पावसाळ्यात तुमच्या कँटीनमध्येही जमतं, टेबलं सरकवली की झालं. सोमवारी सुट्टी असणाऱ्या कंपन्यांसाठी आम्ही सोमवार मोकळा ठेवतो, फोन करताना माणसं किती आणि जागा कुठली एवढं सांगा, बाकी सामान आमचं.