ग्रहणाच्या वाटेवरची छोटी गावं

दरवर्षी पूर येणाऱ्या गावाला पाणी कुठवर चढतं ते पाठ असतं. खग्रास सूर्यग्रहणाच्या बाबतीत असं काहीच कुठल्या गावाला पाठ नसतं. पृथ्वीवरच्या एका ठरावीक जागी खग्रास स्थिती सरासरी ३७५ वर्षांतून एकदा येते. ज्या गावावर ती यायची असते तिथे आधीची पाहिलेला माणूस हयात नसतो, नगरपालिकेच्या दप्तरात तिची फाईल नसते, आणि यंदा जे शिकू ते पुढच्या खेपेला वापरायला आपल्यापैकी कुणी नसणार हेही उघड असतं. तरीही हल्ली पाच-सहा हजार वस्तीची गावं ग्रहणाच्या कितीतरी आधीपासून वाहनतळ, पाणी, शौचालयं आणि रुग्णवाहिकांचे आराखडे करताना दिसतात. हे शहाणपण कुठून आलं, याचा माग काढत गेलं तर तीनशे वर्षं मागे जावं लागतं. त्यातलं बहुतेक सगळं दुसऱ्या गावाकडून उसनं घेतलेलं आहे.

गर्दी एवढ्या अरुंद जागी का एकवटते, ते आधी पाहू. चंद्राची गडद सावली जमिनीवरून सरकते, तेव्हा तिचा पट्टा बहुधा शंभर-दोनशे किलोमीटर रुंद असतो. २१ ऑगस्ट २०१७ ला अमेरिकेवरून गेलेला पट्टा सुमारे ११० किलोमीटरचा होता आणि खग्रास स्थिती जास्तीत जास्त २ मिनिटं ४० सेकंद टिकली. पट्ट्याबाहेर सूर्य ९९ टक्के झाकला गेला, तरी उरलेल्या एका टक्क्याचा उजेड इतका असतो की प्रभामंडल, म्हणजे सूर्याभोवतीचं फिकट तेजोवलय, दिसत नाही आणि डोळ्यांवरचा चष्मा क्षणभरही काढता येत नाही. ज्याने एकदा खग्रास पाहिलं तो पुन्हा खंडग्रासावर समाधान मानत नाही, आणि त्यात मला काहीच अतिरेक वाटत नाही. पट्ट्याच्या काठापासून चार किलोमीटर अलीकडे थांबणं म्हणजे मुख्य गोष्ट न पाहता परतणं.

तो काठ नेमका कुठे आहे, हे सामान्य माणसाला आधी कळणं ही तुलनेने नवी गोष्ट. खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी १७१५ च्या ग्रहणाआधी इंग्लंडचा एक नकाशा छापून विकायला ठेवला. त्यावर सावलीचा मार्ग काढलेला होता आणि लोकांनी आपापल्या ठिकाणी काळोख किती वेळ टिकला ते मोजून कळवावं, अशी विनंती होती. लोक घाबरू नयेत, हाही त्यांचा हेतू होता. त्यांची वेळ सुमारे चार मिनिटांनी आणि मार्ग तीसेक किलोमीटरने चुकला. आलेल्या नोंदींवरून त्यांनी पुढे नकाशा सुधारला. नकाशा हातात असलेल्या माणसाला ‘आपण तिथे जायचं का’ असा प्रश्न पडू शकतो. पण त्या काळी प्रवास इतका अवघड होता की ग्रहण जिथे आहोत तिथूनच पाहिलं जाई.

एकोणिसाव्या शतकात ग्रहणामागे जाणारे होते ते मुख्यतः शास्त्रज्ञ. त्यांना दूरच्या वस्तीपर्यंत पोचवलं रेल्वेने. २९ जुलै १८७८ चं ग्रहण रॉकी पर्वताच्या पट्ट्यातून गेलं, तेव्हा वायोमिंगमधलं रॉलिन्स हे युनियन पॅसिफिक रेल्वेवरचं गाव अचानक जगाच्या नजरेत आलं. खगोलशास्त्रज्ञ हेन्री ड्रेपर आणि इंग्लंडहून आलेले नॉर्मन लॉकियर, शिवाय तरुण संशोधक थॉमस एडिसन तिथे उतरले. एडिसन यांनी प्रभामंडलाची उष्णता मोजण्यासाठी एक अतिसंवेदनशील उपकरण केलं होतं. माळावरच्या वाऱ्याने ते स्थिर राहीना, म्हणून त्यांनी ते कोंबड्यांच्या खुराड्याच्या आडोशाला मांडलं. खगोलशास्त्राच्या प्राध्यापिका मारिया मिचेल आपल्या विद्यार्थिनींना घेऊन डेन्व्हरला गेल्या. अशा पाहुण्यांचं गावाला ओझं नव्हतं. मंडळी मोजकी असत, कित्येक दिवस आधी येत, आणि ग्रहणानंतर सामान बांधून सावकाश निघत. हा ‘सावकाश’ पुढे नाहीसा झाला.

एका गावाचा अपवाद इथे सांगायलाच हवा. वॉशिंग्टन राज्यातल्या गोल्डनडेलवर ८ जून १९१८ ला खग्रास ग्रहण आलं आणि २६ फेब्रुवारी १९७९ ला पुन्हा आलं. पहिल्या खेपेला कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि कर्टिस तिथे तळ ठोकून होते. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश आइनस्टाइन म्हणतात तसा वाकतो का, ते त्यांना तपासायचं होतं. पण त्यांची चांगली उपकरणं १९१४ च्या ग्रहणासाठी रशियात नेलेली असताना महायुद्ध पेटलं आणि ती तिकडेच अडकली. उसन्या भिंगांवर काम भागवावं लागलं आणि निर्णायक उत्तर मिळालं नाही. दुसऱ्या खेपेला याच गावात मोटारींनी माणसं आली. गावाच्या टेकडीवर तोवर लोकांसाठी खुली वेधशाळा उभी राहिली होती, आणि जवळच्या मेरीहिलमधल्या स्टोनहेंज या इंग्लंडमधल्या प्राचीन शिलावर्तुळाच्या काँक्रीटच्या प्रतिकृतीपाशीही मंडळी जमली होती. ग्रहण तेच, गाव तेच. ६१ वर्षांत पाहुणा बदलला होता.

हा बदल टप्प्याटप्प्याने झाला. २४ जानेवारी १९२५ ला सावलीची दक्षिण कड थेट न्यूयॉर्कवरून जाणार होती. वीज कंपन्यांनी आपली माणसं रिव्हरसाइड ड्राइव्हलगतच्या गच्च्यांवर, ७२ व्या रस्त्यापासून १३५ व्या रस्त्यापर्यंत उभी केली. प्रत्येकाने एवढंच सांगायचं होतं, की आपल्या गच्चीवरून सूर्य पूर्ण झाकलेला दिसला की नाही. नोंदी जुळवल्यावर कड ९६ व्या रस्त्याच्या आसपास निघाली. एका गच्चीवर खग्रास आणि थोड्याच अंतरावरच्या गच्चीवर खंडग्रास! काठावरच्या गावाने आपला वाहनतळ नेमका कुठे ठेवायचा, हा आजचा प्रश्न त्या गच्च्यांवर पहिल्यांदा इतका स्पष्ट दिसला. सावलीची नेमकी कड चंद्राच्या काठावरच्या डोंगरदऱ्यांवर ठरते. आता चंद्राभोवती फिरणाऱ्या यानांनी त्यांची उंची मोजून ठेवली आहे, त्यामुळे तो काठ फारच बारकाईने काढता येतो.

१९२५ आणि १९३२ च्या ग्रहणांना रेल्वे कंपन्यांनी खास सहली काढल्या. १९५६ नंतर अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचं जाळं विणलं गेलं. १९७२ च्या जुलैत ‘ऑलिंपिया’ हे जहाज केवळ ग्रहणासाठी अटलांटिकमध्ये गेलं, आणि ग्रहण पाहायला सुट्टी काढून जाणं हा एक छंद झाला. नव्वदीच्या दशकात नासाचे फ्रेड एस्पेनाक आणि हवामानतज्ज्ञ जे अँडरसन यांनी ग्रहणांची सविस्तर पत्रकं काढायला घेतली. गावागणिक वेळा आणि ढगांची सरासरी आकडेवारी सगळ्यांसाठी मोकळी झाली. पुढे इंटरनेटवरचे नकाशे आले, आणि कुणीही आपल्या घरापासून सावलीच्या मध्यरेषेपर्यंत किती तास लागतील ते बसल्या जागी मोजू लागला. छोट्या गावांची खरी परीक्षा इथून सुरू झाली.

पहिला मोठा धडा मिळाला तो उलट्या बाजूने. ११ ऑगस्ट १९९९ ला ब्रिटनच्या मुख्य भूमीवर खग्रास पट्टा कॉर्नवॉल आणि डेव्हनच्या काही भागावरूनच जाणार होता. एका टोकाला असलेला हा चिंचोळा प्रदेश, त्यात ऐन सुट्टीचा हंगाम. दहा लाखांहून जास्त माणसं येतील असे अंदाज निघाले. निवृत्त ब्रिगेडियरला समन्वयक नेमण्यात आलं. रस्ते तुंबतील, पाणी संपेल अशा इशाऱ्यांचा इतका मारा झाला की पुष्कळ लोक घरीच राहिले. त्या दिवशी आभाळही झाकलेलं होतं. ज्यांनी तंबूंची मैदानं आणि मोठे कार्यक्रम मांडले होते, त्यांचं नुकसान झालं. गर्दी आवरण्याच्या भाषेने गर्दी हाकलली जाते, हे कॉर्नवॉलने शिकवलं. माझ्या मते ग्रहणाच्या नियोजनातली सगळ्यात अवघड गोष्ट आजही हीच आहे. लोकांना सावध करायचं आणि बोलवायचंही, ते एकाच तोंडाने.

२० मार्च २०१५ ला नॉर्वेच्या उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगइयरब्येनसारख्या सुमारे दोन हजार वस्तीच्या गावात खोल्या काही वर्षं आधीच भरल्या होत्या. तिथली काळजी वेगळीच होती. ग्रहणाच्या आदल्या दिवशी तंबूत झोपलेल्या एका पर्यटकाला ध्रुवीय अस्वलाने जखमी केलं. २० एप्रिल २०२३ ला पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एक्समथला जेमतेम एक मिनिटाचं खग्रास दिसायचं होतं. वस्ती तीन हजारांच्या आत, द्वीपकल्पाच्या टोकाचं गाव, आत यायला एकच मुख्य रस्ता. तंबू, पाणी आणि फोनची जोडणी यांचा विचार शून्यापासून करावा लागला.

पण आज ज्याला ग्रहणाची तयारी म्हणतात तिचा साचा बनला तो २०१७ मध्ये. पट्टा ओरेगनपासून साउथ कॅरोलायनापर्यंत १४ राज्यांतून गेला. पट्ट्यात राहणारे सव्वा कोटीच्या आसपास होते, पण एका दिवसाच्या मोटारप्रवासाच्या टप्प्यात जवळजवळ अख्खा देश होता. केंटकीतल्या हॉपकिन्सव्हिलने ‘एक्लिप्सव्हिल’ हे नाव घेतलं आणि ग्रहणासाठी खास समन्वयक नेमला. ओरेगनच्या मॅड्रसची वस्ती सहा-सात हजारांची आणि अंदाज लाखभर पाहुण्यांचा. शेतकऱ्यांनी शेतं तंबूंसाठी आणि गाड्यांसाठी भाड्याने दिली, मोबाइल कंपन्यांनी चाकांवरचे मनोरे आणून उभे केले. ऑगस्ट हा तिथे वणव्यांचा महिना. सिस्टर्स गावाजवळ आग पेटलेलीच होती आणि काही घरं रिकामी करावी लागली होती. वाळलेल्या गवतावर गरम मोटार उभी केली तरी ठिणगी पडू शकते, म्हणून गाड्या कुठे लावायच्या हा अग्निशमन दलाचाही प्रश्न होता.

सगळ्यांनी धास्ती घेतली होती ती लोक येतानाच्या कोंडीची. ओरेगनमधल्या प्राइनव्हिलजवळच्या एका मोठ्या महोत्सवाची वाट सोडली तर येणारी गर्दी तीन-चार दिवसांत विभागली गेली. काळोख सरला आणि तासाभरात सगळे एकदम निघाले. वायोमिंगमधल्या ग्लेंडोची वस्ती दोनशेच्या आसपास. तिथे दिवसभरासाठी हजारोंनी माणसं उतरली होती. त्या भागातून डेन्व्हरकडे परतणाऱ्यांना चार तासांच्या वाटेला दहा-दहा तास लागले. नाटकगृहाचे दरवाजे खेळ संपल्यावरच तुंबतात, तसंच हे. येणारा आपली वेळ निवडतो, जाणाऱ्याला सूर्य वेळ ठरवून देतो. या ग्रहणाच्या आगेमागे अमेरिकेतल्या जीवघेण्या अपघातांचा धोका सुमारे ३१ टक्क्यांनी वाढल्याचं एका अभ्यासात दिसलं. तो अभ्यास २०२४ च्या ग्रहणाआधीच प्रसिद्ध झाला, त्यामुळे पुढच्या पट्ट्यातल्या पोलिसांना तो वेळेत वाचायला मिळाला.

या आठवणी पुढच्या पट्ट्यापर्यंत पोचवण्याचं काम अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या ग्रहण कृतिगटाने केलं. त्यांच्या कार्यशाळांत खगोलशास्त्रज्ञांच्या शेजारी वाहतूक अधिकारी, ग्रंथपाल, शिक्षक बसायचे. २०१७ मध्ये हजारो सार्वजनिक ग्रंथालयांमधून वीस लाखांहून जास्त ग्रहणचष्मे फुकट वाटले गेले. मला या साऱ्या तयारीत ग्रंथपालांचं काम सगळ्यात मोलाचं वाटतं. ज्या गावात वेधशाळा नाही, महाविद्यालय नाही, तिथे ग्रहण म्हणजे काय हे समजावून सांगणारं माणूस बहुतेकदा ग्रंथालयातच होतं.

इलिनॉयमधलं कार्बनडेल हे या गावांतलं भाग्यवान. २०१७ आणि २०२४ या दोन्ही ग्रहणांचे पट्टे एकमेकांना छेदतात ती फुली त्याच परिसरात पडली. पहिल्या खेपेला विद्यापीठाचं मैदान भरलेलं असताना ऐन खग्रास स्थितीत ढग आडवा आला आणि शेवटी ओझरतं दर्शन तेवढं झालं. शिकागोहून खास रेल्वे सोडली होती. महामार्गाने परतणाऱ्यांची रात्र रस्त्यातच गेली. सात वर्षांनी त्याच लोकांना तेच काम पुन्हा करता आलं, आणि या वेळी आभाळही मोकळं होतं.

८ एप्रिल २०२४ ला पट्ट्यात राहणारेच तीन कोटींहून जास्त होते. टेक्सासमधल्या बेल, ट्रॅव्हिस यांसारख्या काउंटींनी (म्हणजे जिल्ह्यांनी) आणि कॅनडातल्या नायगारा विभागाने आधीच आणीबाणी जाहीर केली. शब्द दचकवणारा असला तरी हेतू कारभाराचा होता. राज्याची मदत लवकर मिळावी, आणि आपल्या शेतात पन्नासाहून जास्त लोक उतरवणाऱ्या जमीनमालकाने त्याची आधी नोंद करावी, अशा स्वरूपाचा. नायगाराला दहा लाखांपर्यंत लोक येतील असा अंदाज होता. त्या दिवशी ढग होते आणि आलेली गर्दी त्याहून बरीच कमी होती.

ढगांनी आणखीही एक हिशेब उलटवला. एप्रिलमधल्या सरासरीनुसार टेक्सास मोकळं आणि ईशान्य झाकलेलं असायला हवं होतं. प्रत्यक्षात टेक्सासवर बऱ्याच भागात ढग आले, आणि व्हरमाँटपासून मेनपर्यंत आभाळ स्वच्छ राहिलं. शेवटच्या दोन-तीन दिवसांत लोकांनी बेत बदलून उत्तरेची वाट धरली. साडेसहा लाखांच्या व्हरमाँटमध्ये सुमारे १,६०,००० पाहुणे आले. तिथे तो बर्फ वितळून कच्चे रस्ते चिखलाचे होण्याचा हंगाम, म्हणून नकाशा दाखवेल त्या आडवाटेने जाऊ नका असं अधिकारी आधीपासून सांगत होते. न्यू हॅम्पशायरच्या डोंगरातून दक्षिणेला जाणाऱ्यांचे मात्र तासन्‌तास हाल झाले. मेनमधलं होल्टन हे पट्ट्यातलं अमेरिकेचं शेवटचं मोठं गाव, वस्ती सहा हजारांची. बाकीच्यांनी भरवशाचं न मानलेलं हे टोक त्या दुपारी सगळ्यात निरभ्र जागांपैकी एक ठरलं, आणि तीन मिनिटांहून जास्त खग्रास तिथे पाहायला मिळालं.

अमेरिकेनंतर ही उसनवारी अटलांटिकपार जाते. १२ ऑगस्ट २०२६ ची सावली ग्रीनलंड, आइसलंडवरून उत्तर स्पेनवर येते, २ ऑगस्ट २०२७ ची दक्षिण स्पेनवरून जाते आणि २६ जानेवारी २०२८ ला तिथेच कंकणाकृती ग्रहण आहे. २०२६ च्या पट्ट्यात बुर्गोस आहे. ३० ऑगस्ट १९०५ ला याच बुर्गोसमध्ये खग्रास पाहायला शास्त्रज्ञांबरोबर स्वतः राजा तेरावा अल्फोन्सो आला होता. तेव्हा सूर्य दुपारचा होता. २०२६ ला तो मावळतीकडे झुकलेला असतो, पश्चिमेला ओव्हिएदोजवळ क्षितिजापासून १० अंशांवर आणि पूर्वेकडे जाल तसतसा आणखी खाली. समोर एखादी टेकडी आली तरी ग्रहण हुकतं. त्यामुळे माणसं चढणार ती उंचावरच्या उघड्या माळांवर आणि माथ्यांवर. तिथवर जाणारे रस्ते अरुंद, महिना वणव्यांचा, आणि ग्रहण संपताच सूर्यास्त. सोरिया, तेरुएलसारख्या विरळ वस्तीच्या प्रांतांतल्या गावांना म्हणूनच परतीची सगळी वाहतूक अंधारात उतरवण्याची योजना करावी लागते, आणि वायोमिंग किंवा व्हरमाँटमध्ये ती कुणी केलेली नाही.