एका विजेचे चार धागे

‘विजेचा फोटो काढायचा तर शटर किती वेगवान ठेवायचं?’ रात्रीच्या आकाशाच्या छायाचित्रणाकडे वळलेल्या माणसाच्या तोंडी हा प्रश्न हमखास येतो. या प्रश्नातच चूक आहे. रात्री वीज टिपायची तर शटर उघडं ठेवून वाट पाहायची. कॅमेरा तिपाईवर, फोकस हाताने दूरवर लावलेला, आयएसओ (प्रकाशाला दाद देण्याची संवेदनशीलता) १०० किंवा २००, ॲपर्चर (भिंगाचं प्रकाश आत घेणारं छिद्र) एफ/८ च्या आसपास आणि एक्सपोजर, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, दहा-पंधरा सेकंदांचं.

वीज चमकून गेली की तिचा जो प्रकाश कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर पडायचा तो पडून जातो. शटर त्यानंतर कितीही वेळ उघडं राहिलं तरी ती रेघ अधिक उजळत नाही. उजळतं ते मागचं आकाश. रेघेचा उजेड ॲपर्चर आणि आयएसओवर ठरतो.

पण मला वेड लावलं ते त्या पापणी लवण्याच्या अवधीत जे घडतं त्याने. ढगाच्या खालच्या भागात बहुधा ऋणभार साचतो. तिथून भारित हवेचा एक तंतू जमिनीकडे निघतो. साधारण ५० मीटरची उडी, मग सेकंदाच्या वीस हजाराव्या भागाइतका थांबा, पुन्हा उडी. समोरची हवा जिकडे आधी फुटेल, म्हणजे वीज वाहू देईल, तिकडे तो वळतो, फाटे फोडतो. विजेची वाकडीतिकडी रेघ हा त्याच्या चाचपडण्याचा माग आहे. हा ‘स्टेप्ड लीडर’ जमिनीजवळ आला की झाडाच्या शेंड्यावरून, इमारतीच्या टोकावरून धनभाराचे तंतू वर झेपावतात. त्यातला एक भिडला की वाट पूर्ण होते आणि सुमारे ३० हजार अँपिअरचा प्रवाह वाहतो. हवा ३० हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. हा ‘रिटर्न स्ट्रोक’. आपण वीज ‘पडली’ म्हणतो, पण डोळे दिपवणारी उजेडाची लाट प्रकाशाच्या साधारण एक तृतीयांश वेगाने जमिनीकडून ढगाकडे चढत असते!

आणि सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास त्याच तापलेल्या वाटेने नवा भार उतरतो. पुन्हा स्ट्रोक. एका विजेत असे तीन-चार सहज होतात. वीज थरथरल्यासारखी दिसते ती त्यामुळेच.

हे डोळ्यांनी पाहायचंच, असं ठरवून एका वादळात शटर उघडं असताना मी कॅमेरा तिपाईवर सतत आडवा फिरवत राहिले. तीसेक फोटो वाया गेले. मग एकात एकाच विजेचे चार समांतर धागे उमटले, वळणान् वळण जुळणारे. फाटे मात्र फक्त पहिल्या धाग्याला होते. उरलेल्या तिघांना वाट शोधावीच लागली नव्हती.

ही युक्ती जुनी आहे. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हर्नन बॉईज यांनी फिरत्या भिंगांचा कॅमेरा बनवला आणि १९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत भौतिकशास्त्रज्ञ बासिल शोनलँड व सहकाऱ्यांनी तसल्याच कॅमेऱ्याने स्टेप्ड लीडरचे टप्पे उलगडले. हे ज्ञान आपल्याला छायाचित्रणाने दिलं आहे.

‘वीज एका जागी दोनदा पडत नाही’ हा समज तर असा एक फोटोच मोडून काढतो. उंच मनोऱ्यांवर ती वर्षात अनेकदा पडते. तसंच, एकाच शहरावर वीस विजा कोसळताना दाखवणारी चित्रं बहुतेक वेळा अनेक फोटो एकावर एक रचून केलेली असतात. रचावीत जरूर, पण तसं सांगावं.

तिपाई धातूची आहे म्हणून वीज ओढली जात नाही; धोका उघड्यावर, उंचावर उभं राहण्याचा आहे. वीज दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती जेमतेम १० किलोमीटरवर आहे. मग घरात यायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. बंद खिडकीतूनही छान फोटो येतात: खोलीतले दिवे घालवायचे, भिंग काचेजवळ न्यायचं आणि भोवती काळं कापड धरायचं, म्हणजे काचेत स्वतःचंच प्रतिबिंब येत नाही.