धडपडलात? मग हसा, पण जरा बघून

चहाचा कप सांडला, उंबऱ्याला ठेच लागली, भर लग्नात वाढताना आमटीचं पातेलं कलंडलं, की पहिल्या सेकंदाला डोक्यात एकच विचार येतो, सगळ्यांनी बघितलं! वेंधळ्या माणसाचं निम्मं दुःख इथंच असतं, सांडलेल्याचं कमी आणि बघणाऱ्यांचं जास्त.

आधी हे घडतं कसं ते बघू. आपण हात पुढे करतो तेव्हा डोळ्यांनी बघून, मग मेंदूनं ठरवून, मग हात हलवून असं चालत नाही, तेवढा वेळच नसतो. मेंदूच्या मागच्या बाजूला खाली जो लहान मेंदू असतो तो आधीच अंदाज बांधून ठेवतो की हे भांडं एवढं जड असेल, हात इथपर्यंत जाईल, वगैरे. दिसायला लहान, पण मेंदूतल्या साधारण ८६ अब्ज चेतापेशींपैकी ८० टक्के तिथेच असतात. तांब्या भरलेला समजून उचलला आणि निघाला रिकामा, तर हात कसा झटक्यात वर जातो? तो हा चुकलेला अंदाज. वयात येणारी पोरं दाराला, टेबलाला आपटत फिरतात त्यामागेही हेच एक कारण सांगतात, हातपाय भराभर लांब झाले आणि मेंदूतला हिशेब अजून जुन्या मापाचाच आहे.

आणि चूक झाल्याचं मेंदूला आपल्याआधी कळतं बरं का. मेंदूतल्या विद्युत लहरी मोजल्या तर चूक झाल्यावर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतबाहेर कपाळाच्या मागच्या भागात एक ठळक लहर दिसते. अरेच्चा म्हणायच्या आधीच आतमध्ये घंटा वाजलेली असते.

आता बघणाऱ्यांकडे येऊ. २००० साली थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक मस्त प्रयोग छापला. कॉलेजच्या पोरांना बॅरी मॅनिलो या गायकाचं मोठ्ठं चित्र असलेला टीशर्ट घालायला लावला (त्या वयात असला टीशर्ट म्हणजे इज्जतीचा फालुदा), आणि इतर मुलं बसलेल्या खोलीत उशिरा आत पाठवलं. मग विचारलं, किती जणांनी टीशर्ट ओळखला असेल? त्यांना वाटलं जवळपास निम्म्यांनी, प्रत्यक्षात ओळखला होता पाव भागाच्या आसपास लोकांनी. म्हणजे आपल्याला वाटतं त्याच्या निम्मेच लोक आपल्याकडे बघत असतात, बाकीचे आपापल्या विचारात.

बरं, ज्यांनी बघितलं त्यांचं काय मत होतं? १९८२ च्या एका प्रयोगात लोकांना व्हिडिओ दाखवला, सुपरमार्केटमध्ये एक गिऱ्हाईक टॉयलेट पेपरच्या रोलची रचलेली चळत पाडतो. कधी तो ओशाळतो, कधी काहीच झालं नाही अशा थाटात राहतो. ओशाळणारा माणूस बघणाऱ्यांना जास्त आवडला. मला यातलं आवडतं ते असं की लाज वाटणं हा काही दोष नाही, ती समोरच्याला न बोलता सांगते की बाबा, मला कळलंय.

पण लाज लांबली की गोची होते. मग आपण हाताकडेच बघायला लागतो, बोटं कशी धरलीत, पाऊल कुठे पडतंय, आणि जे काम शरीर आपोआप करत होतं ते आता आपण स्वतः करायला जातो. रिच मास्टर्स यांनी १९९२ मध्ये गोल्फमधलं पटिंग (चेंडू हलकेच ढकलून भोकात घालणं) शिकवून हे दाखवलं, ज्यांना नियम सांगून शिकवलं होतं ते दडपण आल्यावर ढेपाळले, आणि ज्यांना नियमांचा विचार करायची सवडच दिली नव्हती ते टिकले. म्हणून एकदा सांडलं की दुसऱ्यांदाही सांडतं. हसल्यानं लक्ष हातावरून उडतं, असं माझं आपलं मत, थेट असा प्रयोग केल्याचं मी म्हणत नाहीये.

पण मुळात हसू येतं कशामुळे? पीटर मॅग्रॉ आणि केलेब वॉरन यांनी २०१० मध्ये मांडलं की काहीतरी बिघडलंय आणि तरी काही बिघडलेलं नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटल्या की हसू येतं. कप पडला, पण कुणी भाजलं नाही. गरम तेल असतं तर कोण हसणार होतं!

आता थोडं कडू. 'स्वतःवर हसा' हा सल्ला सगळ्यांना सारखा लागू पडत नाही. एलियट अॅरनसन यांच्या १९६६ च्या प्रयोगात टेपवर एक हुशार माणूस ९२ टक्के उत्तरं बरोबर देतो आणि मग कॉफी सांडतो, तो ऐकणाऱ्यांना आणखी आवडला. पण ३० टक्केच बरोबर देणाऱ्यानं तीच कॉफी सांडली तर तो आधीपेक्षाही नावडता झाला. म्हणजे साहेबांनी फाईल पाडली की ऑफिस हसतं आणि साहेब किती साधे म्हणतं, नव्या पोरानं पाडली तर? नव्या सुनेनं सासरी बशी फोडली तर? तिथे हसायचा हक्क आधी घरातल्यांनी द्यावा लागतो.

शिवाय स्वतःवर हसण्याचेही प्रकार असतात. रॉड मार्टिन यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार शैली सांगितल्या, त्यात अडचणीतही गंमत शोधणारी एक आणि दुसऱ्यांना हसवायला स्वतःलाच तुडवणारी दुसरी. पहिली असलेल्या माणसांत नैराश्य, चिंता कमी आढळते आणि दुसरीत जास्त. 'काय मेला पचका झाला' वेगळं, आणि 'मी आहेच बिनकामाचा' हे वेगळं, चारचौघात दोन्हीवर हशाच पिकतो, म्हणून बाहेरून फरक कळत नाही.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. शाळेत जाणाऱ्या साधारण ५ ते ६ टक्के मुलांना हालचालींचा ताळमेळ लावणं खरोखरच जड जातं, बटण लावणं, चेंडू झेलणं, अक्षर काढणं, सगळंच. याला डीसीडी (डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर) म्हणतात, आणि वर्गात अशा पोराला धांदरट म्हणून मोकळं होतात. अशा वेळी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञाकडे) न्यावं, सरावानं बराच फरक पडतो.