हर्पिस विषाणू आणि नैसर्गिक मारक पेशी : एका शोधाची पार्श्वभूमी

ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला जे पाणीदार फोड उठतात, त्यांचे कारण असलेला हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू एकदा शरीरात शिरला की जन्मभर मुक्काम ठोकतो. (नागिणीचा विषाणू याच कुळातला, पण वेगळा.) जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतील सुमारे ६४ टक्के लोकांच्या शरीरात या विषाणूचा पहिला प्रकार आहे. बहुतेकांचे फोडांवरच निभावते. मोजक्या रुग्णांत मात्र संसर्ग अंगभर पसरतो किंवा मेंदूपर्यंत पोहोचतो. हा फरक कशामुळे पडतो, याच्या उत्तराचा एक भाग विषाणूविज्ञानाच्या बाहेर, कर्करोगाच्या संशोधनात सापडला.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये रोल्फ किसलिंग, एव्हा क्लाइन आणि हान्स विग्झेल यांनी, तसेच अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांच्या गटाने, १९७५ मध्ये उंदरांच्या प्लीहेतील अशा लिंफ पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले, ज्या कोणतीही पूर्वओळख नसताना ट्यूमरच्या पेशी मारत होत्या. प्रतिकारशक्ती आधी शत्रू ओळखते आणि मग लढते, अशी समजूत पक्की असल्यामुळे प्रयोगांतले हे ‘आपसूक’ मारणे तोवर मोजमापातला दोष समजून बाजूला सारले जात असे. आता त्या पेशींना नैसर्गिक मारक, म्हणजेच एनके पेशी, हे नाव मिळाले. त्या भक्ष्य कसे निवडतात, हे मात्र कोडेच राहिले.

ते कोडे कॅरोलिन्स्कातलेच संशोधक क्लास कॅरे यांनी उलट्या बाजूने सोडवले. शरीरातील जवळपास प्रत्येक पेशी आपल्या आत बनणाऱ्या प्रथिनांचे तुकडे एमएचसी वर्ग १ या रेणूंवर चढवून पृष्ठभागावर मांडते आणि टी पेशी, म्हणजे शत्रू ओळखून मग लढणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, ते तपासतात. एनके पेशींना मात्र परके काही दिसण्याऐवजी हे रेणू नसणेच खटकत असावे, असे कॅरे यांचे म्हणणे होते. ज्यांच्या पृष्ठभागावर हे रेणू अत्यल्प होते, अशा आरएमए-एस नावाच्या लिंफोमा (लिंफ पेशींचा कर्करोग) पेशी एनके पेशींनी उंदरांमध्ये नाकारल्याचे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवले. त्या पेशींतला बिघाड नेमका कुठे होता, हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस उलगडले : प्रथिनांचे तुकडे एमएचसी रेणूंपर्यंत नेणारा टॅप हा वाहकच त्यांत निकामी झाला होता.

हर्पिसशी असलेला खरा दुवा इथे जुळतो. हर्पिस सिम्प्लेक्सचे आयसीपी४७ हे अवघ्या ८८ अमिनो आम्लांचे प्रथिन नेमक्या त्याच टॅपला बंद पाडते, असे १९९४-९५ मध्ये सिद्ध झाले. टी पेशींपासून लपण्यासाठी विषाणू जी युक्ती करतो, तिच्यामुळे पेशीचा पृष्ठभाग रिकामा पडतो आणि ती एनके पेशींच्या नजरेत भरते. अशा पेशीला चिकटल्यावर एनके पेशी परफोरिन आणि ग्रॅन्झाइम ही द्रव्ये तिच्यावर सोडतात. शिवाय इंटरफेरॉन गॅमा हे इशारा देणारे प्रथिन स्रवून आसपासच्या पेशींनाही सावध करतात. टी पेशींची फौज उभी राहायला काही दिवस लागतात, त्यामुळे या पहिल्या फळीचे मोल मोठे आहे. मात्र आयसीपी४७ माणसाच्या टॅपला घट्ट धरते आणि उंदराच्या टॅपवर त्याचा प्रभाव क्षीण असतो. एनके पेशी काढून टाकलेल्या उंदरांवरील जुन्या प्रयोगांचे निष्कर्ष परस्परविरोधी आले होते. ते वाचताना हा फरक विसरून चालत नाही.

माणसातला पुरावा १९८९ मध्ये क्रिस्टीन बायरन आणि सहकाऱ्यांनी मांडला. एनके पेशी अजिबात नसलेल्या एका किशोरवयीन मुलीला कांजिण्या, सायटोमेगॅलोव्हायरस आणि हर्पिस सिम्प्लेक्स या एकाच कुळातल्या विषाणूंचे गंभीर संसर्ग झाले होते. पाठ्यपुस्तकांनी हे उदाहरण उचलून धरले, पण ते वाटले तितके निखळ नव्हते. त्या रुग्णात गाटा२ या जनुकाचा दोष असल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि हा दोष असलेल्यांत मोनोसाइट व बी पेशी या प्रतिकारशक्तीच्या इतर पेशीही घटू शकतात. म्हणजे सारे श्रेय एनके पेशींना देता येत नाही, तरी त्यांचा वाटा नाकारताही येत नाही.

मेंदूच्या संसर्गाचे चित्र त्याहून निराळे आहे. हर्पिसने मेंदुज्वर झालेल्या काही मुलांत २००६ आणि २००७ मध्ये यूएनसी९३बी आणि टीएलआर३ या जनुकांतील दोष आढळले. तिथे उणीव होती ती मेंदूतील पेशींच्या स्वतःच्या इंटरफेरॉनची, आणि ती रक्तातील मारक पेशी भरून काढू शकत नव्हत्या.