रिकाम्या जागांवर चालणारी वीज

‘पाण्यावर चालणारी गाडी’ हा व्हिडिओ दरवर्षी नव्याने फिरतो आणि त्यात हमखास इंधनघटाचं (फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजन आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून थेट वीज बनवणारं साधन) नाव घेतलं जातं. पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन. त्यातून परत ऊर्जा मिळत नाही. इंधनघटातली खरी नवलाई इंधनात नाहीच, ती मधल्या पातळ पांढऱ्या थरात आहे.

घन ऑक्साइड इंधनघटात हा थर म्हणजे इलेक्ट्रोलाइट, आयन (भारित अणू) वाहून नेणारा, बहुधा झिर्कोनियाचा, म्हणजे झिर्कोनियमच्या ऑक्साइडचा. नकली हिरे याच ऑक्साइडचे बनतात. त्याच्या स्फटिकात झिर्कोनियमच्या प्रत्येक अणूमागे ऑक्सिजनचे दोन. आता त्यात ८ मोल टक्के (रेणूंच्या संख्येत शंभरात आठ) यिट्रिया, म्हणजे यिट्रियमचं ऑक्साइड मिसळा. झिर्कोनियमचा भार +४, यिट्रियमचा +३. दोन यिट्रियम जाळीत बसले की दोन धनभार कमी पडतात, आणि हिशेब जुळवायला –२ भाराचा एक ऑक्साइड आयन गैरहजर राहतो. ती त्याची जागा रिकामी! शेजारचा आयन तिच्यात सरकतो, मग त्याची जागा मोकळी होते, तिथे तिसरा येतो. ठोकळे सरकवायच्या कोड्यात एक घर रिकामं असतं म्हणूनच खेळ चालतो, तसंच हे. मात्र यिट्रिया फार वाढवलं तर रिकाम्या जागा यिट्रियमपाशीच अडकून पडतात आणि वहन उलट घटतं. शिवाय आयनांना उडी मारायला ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्टने १८९९च्या सुमारास अशाच मिश्रणाचा दिवा केला होता. तोही आधी तापवल्याशिवाय पेटत नसे.

इलेक्ट्रॉनांना मात्र इथून वाट नाही. ते बाहेरच्या तारेतून जातात, तीच आपली वीज.

बनवताना खरी कसरत आहे. इलेक्ट्रोलाइटची चकती १४०० अंशांच्या आसपास भाजून पूर्ण घट्ट करायची, वायू आरपार जाऊ नये इतकी. भट्टीतून ती चांगलीच आक्रसून बाहेर येते. तिच्यावर शाईचा थेंब ठेवायचा. मागे डाग उमटला तर चकती बाद. कॅथोडला, म्हणजे हवेच्या बाजूच्या इलेक्ट्रोडला, याच्या उलट छिद्रं हवीत, कारण अभिक्रिया होते ती हवा, कॅथोड आणि इलेक्ट्रोलाइट तिघे जिथे भेटतात तिथे. म्हणून कॅथोडच्या पदार्थाची, लँथनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइटची, पेस्ट जाळीतून छापून ११०० अंशांच्या आसपासच भाजतात. जास्त तापवलं तर छिद्रं बुजतात, आणि सांध्यावर लँथनम झिर्कोनेटचा वीजरोधक थर धरतो.

चाचणीत बदलत्या वारंवारतेचा प्रत्यावर्ती प्रवाह देऊन इम्पिडन्सचा (अशा प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा) आलेख काढतात. उच्च वारंवारतेला वक्र आडव्या अक्षाला जिथे छेदतो तो मुख्यतः इलेक्ट्रोलाइटचा रोध. पुढच्या कमानीची रुंदी इलेक्ट्रोडांची. दोन्ही बाजूंना एकाच प्रकारचा कॅथोड लावला, की कमान निव्वळ त्याचीच. पूर्ण घटात हायड्रोजन सोडल्यावर, प्रवाह न घेता, सुमारे १.१ व्होल्ट दिसायला हवेत. ०.९च दिसले, तर वायू कुठेतरी गळत असावा: आधी सील तपासायचं आणि मग चकतीवर केसाएवढी चीर शोधायची.